थेंबभर

दारूबंदीचे दिवस. मुलुंडच्या बाजारात शांताराम भर दुपारी झोकांड्या खात चालला होता, म्हणून पोलिसांनी त्याला धरला. तोंडाला वास नव्हता, पण जीभ जड झालेली. मग इस्पितळात नेऊन त्याचं रक्त काढलं आणि कुपी तपासायला सरकारी प्रयोगशाळेत पाठवली.

निकाल येईपर्यंत चाळीनं त्याच्या बायकोला, वनमालाला, जगू दिलं नाही. तिचा तरी कुठे विश्वास होता नवऱ्यावर? गेले कित्येक महिने हा माणूस कपबशा फोडत होता, बोलताना अडखळत होता आणि वर देवाची शपथ घेत होता. "हातभट्टीवर जाता आणि देवाला मध्ये आणता?" म्हणून तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं.

शेवटी हवालदार स्वतः दारात आला. "वहिनी, सुटले तुमचे मालक. रक्तात दारूचा थेंब नाही. कसलं गुंगीचं औषधही नाही."

वनमाला रडली. शेजारणींना ऐकू जाईल अशा बेतानं तिनं ती बातमी दोनदा मोठ्यानं सांगितली, शिरा केला आणि चहाचा कप नवऱ्यापुढे धरला. "चुकले हो मी."

तो हसला. कप घ्यायला त्यानं हात पुढे केला आणि हात कपाच्या वीतभर बाजूनं निघून गेला.

वनमालानं उठून दार लावलं आणि त्याच्या पायाशी बसली.



"मी रागावणार नाही. खरं सांगा, थेंबभर तरी घेतली होती ना हो तुम्ही?"