जालन्याचं घड्याळ

भगवतीदेवींच्या मनगटावर रात्रीचे साडेअकरा वाजले होते आणि त्यांच्या पदरावर लख्ख ऊन पडलं होतं.

फ्रान्समधल्या मार्सेल शहरात तेव्हा संध्याकाळचे आठ वाजले होते. जून महिना. तिथं या दिवसांत सूर्य नऊ वाजून गेल्यावर मावळतो. पण भगवतीदेवींना त्याच्याशी काय देणंघेणं! सूर्यास्तानंतर अन्नपाणी नाही, हा जैनांचा नियम त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी जुन्या जालन्यात घेतला होता. नियम जालन्याचा, तर सूर्यही जालन्याचाच. मनगटावर तिथलीच वेळ ठेवून, त्यात संध्याकाळचे सात वाजले की मार्सेलच्या भर दुपारी साडेतीनला त्या रोज ताट सरकवत, आणि त्यानंतर पाण्याच्या थेंबालाही शिवत नसत. नवऱ्याचं, पन्नालालजींचं, त्यांच्यापुढं काही चाललं नाही. जिच्याकडं दोघं आले होते ती नात पलक आठ दिवस समजावून थकली.

आज तर कहरच झाला. उद्या परत निघायचं म्हणून बॅगा बांधता बांधता त्यांच्या घड्याळात सात वाजून गेले आणि जेवणच राहिलं. सकाळपासून पोटात काही नाही. "राहू दे, आता उद्याच," म्हणाल्या आणि वर हसल्या.

पलकनं तरीही डबा भरून घेतला आणि दोघांना इथं आणलं. दोन घरांच्या भिंतींमधून अरुंद पायऱ्या खाली उतरतात आणि एकदम समुद्र पायाशी येतो. टुरिस्टांच्या बसगाड्या इकडं फिरकत नाहीत. कामावरून सुटलेली माणसं खडकांवर आडवी होऊन ऊन खात होती. दोन म्हाताऱ्या टोपी-चष्म्यासकट गळाभर पाण्यात उभ्या राहून गप्पा ठोकत होत्या.

"अगं बाई! घरचं कोणी हाक मारत न्हाई का ह्यांना?" भगवतीदेवी म्हणाल्या. त्यांना फार मजा वाटत होती. ओठ मात्र सुकले होते.

पलकनं खडकावर रुमाल पसरला. मेथीच्या पुऱ्या, खाकरे, कैरीची आंबटगोड लुंजी आणि उकळून गार केलेल्या पाण्याची बाटली मांडली.

"तू जेव ना बेटा," भगवतीदेवी म्हणाल्या.

"एकटीच जेवू?" पलक म्हणाली. "दोन वर्षं ह्याच खडकावर एकटी जेवून राह्यले, दादी. तुम्ही येणार म्हणून कळलं तवाच ठरवलं होतं, एक दिवस दादीसंगं इथं जेवायचं. एकच दिवस. आन उद्या तर तुम्ही चालले."

भगवतीदेवींना भडभडून आलं. नातीच्या पाठीवरून त्यांचा हात फिरत राहिला, पण पुरीकडं काही वळला नाही. नियम तो नियम.

तेवढ्यात त्या ओरडल्या, "अगं अगं, हात उचल!"

पलकनं दचकून हात उचलला. भगवतीदेवी गुडघ्यांवर वाकल्या. खडकावर एक बारीक मुंगी लुंजीच्या वाटीकडं निघाली होती. त्यांनी कागदाचा कोपरा तिच्यापुढं धरला, ती वर चढेपर्यंत दम धरला आणि तिला अलगद पलीकडच्या भेगेत सोडलं.

पलक बघतच राहिली. "दादी, मुंगी दिसली तुम्हाला?"

"मंग? आंधळी हाय का मी?"

"लहानपणी मला काय सांगत होत्या तुम्ही? रात्री का न्हाई जेवायचं?"

"अंधारात बारीक जीव दिसत न्हाईत, घासाबरोबर पोटात जातात म्हणून. त्यात काय..." आणि भगवतीदेवी थांबल्या.

त्यांनी मुंगी सोडलेल्या भेगेकडं पाहिलं. तळहात डोळ्यांपुढं धरला. एकूण एक रेष स्वच्छ दिसत होती. मग त्यांनी मान वर केली. सूर्य चांगला हातभर वर होता आणि डोळ्यांत घुसत होता.

"नियम घेताना घड्याळाचं नाव घेतलं होतं का गं?" पन्नालालजींनी हळूच विचारलं.

"सूर्याचं घेतलं होतं," त्या पुटपुटल्या. आणि मग एकदम उसळल्या, "आठ दिवस! आठ दिवस भरदिवसा कोरडी बसले मी, आन तुम्ही दोघं निवांत बघत राह्यले?"

"आठ दिवस तेच तर सांगून राह्यलो!" दोघं एका सुरात ओरडले. पाण्यातल्या म्हाताऱ्यांनीही वळून पाहिलं.

भगवतीदेवींना असं हसू फुटलं की डोळ्यांना पदर लावावा लागला. त्यांनी नवकार मंत्र म्हटला, बाटली उचलली आणि घटाघट अर्धी रिकामी केली. मग पुरी मोडली. पहिला घास पलकच्या तोंडात, दुसरा स्वतःच्या.

मग काय विचारता! पुऱ्या संपल्या. लुंजीची वाटी बोटानं पुसली गेली. गल्लीतल्या कोणाचं लग्न जमलं, कोणाचं मोडलं, राजूरच्या गणपतीला जाताना जीप कशी बंद पडली, सगळं निघालं. पलक हसता हसता रडत होती आणि रडता रडता खात होती.

बोलता बोलता ऊन तांबूस झालं. सूर्य खाडीपलीकडच्या डोंगराला टेकला, मग त्याच्याआड उतरू लागला. पन्नालालजींनी डबा आवरायला घेतला.

भगवतीदेवींनी त्यांचा हात धरला.

"थांबा हो," त्या सूर्यावरची नजर न हलवता म्हणाल्या. "अर्धा बाकी हाय अजून. पलक, जल्दी कर, एक खाकरा बसतो तेवढ्यात."