शेकोटीचा मान

“प्रेमदास माह्याहून लहान आहे,” नत्थू बैठकीत उभा राहून म्हणाला. “यंदा काडी मी लावीन.”

विहाराच्या हॉलमधल्या सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या. प्रेमदासला वाटलं, आपल्यालाच नीट ऐकू आलं नाही. नत्थूच्या तोंडून नुसतं ‘प्रेमदास’ त्याने उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. नाचणगावच्या मातीत खेळले तेव्हापासून, वर्ध्यात येऊन एकाच जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे वाहिले तेव्हाही, नत्थूसाठी तो ‘दादा’च होता.

मैत्रीनगरचा हिवाळी मेळ तोंडावर आला होता. लेकरांची लिंबू-चमचा, बायांची रस्सीखेच, म्हाताऱ्यांची संगीत खुर्ची आणि शेवटी सगळ्यांना हुरडा. पण सुरुवात ठरलेली. वस्तीतल्या सगळ्यात थोरल्या माणसाने मैदानातली शेकोटी पेटवायची. पहिल्या हिवाळ्यात बबनरावांनी पेटवली, मग भैयाजींनी आणि मागल्या साली अनुसयाबाईंनी. पेटवणाऱ्याला शाल मिळायची, फोटो निघायचा आणि तो या हॉलच्या भिंतीवर लागायचा. यंदाचा मान प्रेमदासचा, हे सगळी वस्ती धरून चालली होती. मुलगा विवेक त्यासाठीच पुण्याहून लेकीला, रोशनीला घेऊन निघाला होता.

मेळाचं सगळं बघणारी नंदिनी शाळेत शिकवायची. ती म्हणाली, “आधार कार्ड पाहू ना दोघांचं. भांडण कशाले?”

पाहिली. दोन्हीवर तेच साल आणि एक जुलै. शाळेत नाव घालताना मास्तरांनी गावातल्या सगळ्याच पोरांना तो वाढदिवस वाटून टाकला होता. थोडा हशा झाला, पण नत्थू हसला नाही.

“माही माय सांगे,” तो म्हणाला, “प्रेमदास जन्मला तवा मी रांगत होतो.”

हे साफ उलटं होतं. रांगत होता तो प्रेमदास. पण नत्थू खोटं बोलेल हे कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं. हा माणूस कोणाच्या दारावर लिंबू-मिरची दिसली की स्वतः उतरवायचा आणि घरमालकाला चार शब्द सुनावायचा. “आपण धम्माची माणसं. लिंबानं कोणाचं बरंवाईट होते काय?” मांजर आडवं गेलं तर मुद्दाम त्याच वाटेने जायचा. अशा माणसाच्या शब्दावर शंका कोण घेणार?

“पण नत्थूकाका, प्रेमदासकाकाचं तर ठरलं होतं...” नंदिनी चाचरत म्हणाली.

“त्याचा हात कापते. भर मैदानात काडी विझली तर हसं होईन वस्तीचं.”

ते मात्र प्रेमदासच्या जिव्हारी लागलं. भांडता आलं असतं. नाचणगावातून दोन साक्षीदारही आणता आले असते. पण ज्याच्यासोबत एका डब्यात भाकर खाल्ली, त्याच्याशी मानासाठी कुठे भांडायचं?

“द्या त्याले,” एवढंच म्हणून त्याने चपला घातल्या.

दुसऱ्या दिवशी नत्थूची बायको धुरपता दारात येऊन उभी राहिली. आत यायला तयार नव्हती.

“भाऊजी, मनावर नका घेऊ. ह्यायचं काई खरं नाई. अनुसयाबाई गेली तवापासून धड जेवून नाई राह्यले. रातभर कूस बदलत राह्यतात.”

“मान पायजे होता तर मागायचा,” प्रेमदास म्हणाला. “मी हासत देल्ला असता. मले खोटं काऊन पाडलं?”

धुरपताने पदर तोंडाशी नेला आणि निघून गेली. तिला नवऱ्याची लाज वाटत असावी, असं प्रेमदासला वाटलं. त्याला तिची कीव आली.

मेळाच्या संध्याकाळी जायचंच नाही, असं त्याने ठरवलं होतं. पण रोशनीने बोट धरून ओढत नेलं. “आबा, मग तुम्ही का नाही पेटवणार?” ती विचारत राहिली. तो मैदानाच्या कडेला, रस्सीखेचीच्या दोराजवळ खुर्ची टाकून बसला.

नंदिनीने माइकवरून सगळ्यांना उभं केलं. आधी अनुसयाबाईंसाठी शांतता. मागल्या साली याच वेळी भैयाजींसाठी, आणि त्याच्या आदल्या साली बबनरावांसाठी उभे राहिलो होतो, हे प्रेमदासला आठवलं. तेव्हा नत्थू त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. आता तो समोर लाकडांपाशी एकटा होता.

नत्थूने काडी ओढली. हात त्याचाच कापत होता. पहिली विझली, दुसरीही विझली. पोरं हसली. तिसऱ्या काडीने पाचट धरलं, जाळ वर चढला, टाळ्या पडल्या. नंदिनीने त्याला शाल पांघरवली, फोटो काढला. फोटोत नत्थू हसला नाही. मानासाठी एवढा हटून बसलेला माणूस, आणि तोंड असं उतरलेलं. प्रेमदासला राग आला, आणि रागाच्या तळाशी वाईटही वाटलं.

लेकरं चमचे घेऊन रांगेत लागली. रोशनीही पळाली. गर्दीतून वाट काढत नत्थू प्रेमदासपाशी आला आणि शेजारी जमिनीवरच बसला.

“काऊन केलं असं?” प्रेमदासने विचारलं.

“कोणाले सांगू नको. लोक हासतीन मले.” नत्थूने पंजा उघडला आणि एकेक बोट मिटत गेला. “बबनराव. भैयाजी. अनुसयाबाई.”

मग अंगावरची शाल नीट करून तो म्हणाला, “पुढच्या हिवाळ्यात मी इथं दिसलो, तर काडी तू लावजो, दादा.”