कड्यावरचा शब्द

वाटाड्या तोकुजीच्या लेकीला, सुमिएला, मुलगी झाली त्या वर्षी त्याने जावयालाही डोंगरयात्रेला नेलं. समुद्रात बुडी मारून निघालेले यात्रेकरू आठवड्याने शेवटच्या कड्यावर पोचले. इथे प्रत्येक यात्रेकरूला टांगून त्याच्याकडून पापाची कबुली नि शब्द घेत. त्या रिवाजाप्रमाणे तोकुजीने जावयाला दोर बांधून दरीवर उलटं टांगलं.

“माझ्या लेकीचा हात कुणी मोडला?”

“मी, बाबा! वर घ्या!”

तोकुजीने दोर हातभर सोडला. जावयाचं कपाळ खडकावर फुटलं.

“पुन्हा मारशील तिला?”

“नाही! आईशप्पथ नाही!”

“उलटा टांगला की सगळेच साधू होतात, दादा,” मागचा यात्रेकरू हसला.

तोकुजीची मूठ सैल होऊ लागली. पण कड्यावर दिलेला शब्द देव ऐकतो, तो कुणी मोडत नाही. त्याने जावयाला वर ओढलं.

सुमिए त्याच वर्षी, भातकापणीच्या दिवसांत, नवऱ्याच्या हातून मेली.