अब्बांची कॅसेट

विश्रांतवाडीतल्या त्यांच्या सोसायटीत त्या दिवशी ई-कचऱ्याची गाडी यायची होती. मेहनाज आणि तिचा भाऊ फैझल सकाळपासून दिवंगत अब्बांचं कपाट रिकामं करत होते. सीडी, व्हिडिओ कॅसेट, सगळं खोक्यात जात होतं.

शेजारच्या खोलीत अम्मी पडून होती. अर्धांगवायूचा झटका आल्यापासून तिला ना बोलता येत होतं, ना उठता.

कपाटाच्या तळाशी अब्बांच्या आवाजाची कॅसेट निघाली. नवा टेपरेकॉर्डर आणला तेव्हा त्यांनी ती गंमत म्हणून भरली होती.

"एकदा ऐकू या," मेहनाज म्हणाली.

"कशाला? रडत बसशील." असं म्हणत फैझलनेच ती लावली.

"हॅलो, हॅलो," अब्बा म्हणाले. मग खाकरले, हसले. मेहनाजला ते सगळं पाठ होतं. यापुढे नुसती खरखर असायची.

"बेगम," अब्बा म्हणाले, "आवरलंस का? मी दारात उभा आहे."

फैझलने तिच्याकडे पाहिलं. "हे होतं यात?"

"नव्हतं रे."

खरखर चालूच राहिली. अब्बा वाट पाहत असावेत तशी.

"आले हो," शेजारच्या खोलीतून अम्मी म्हणाली. आवाज स्वच्छ होता, एखाद्या तरुण बाईचा असावा तसा.

दोघंही जागच्या जागी थिजली. मग चपला पायांत सरकवल्याचा, लगबगीने चालत गेल्याचा आवाज आला आणि दार लागलं.

ती पावलं टेपमधली होती. शेजारच्या खोलीत आता अगदी शांत होतं.