लोनीची गाडी

"ही लोनीची गाडी नाही," मागून आवाज आला, आणि सिनेमाचं पार्श्वसंगीत वाजवणाऱ्या डेल्मरचा हात गिटारच्या तारांवरच थबकला.

पडद्यावर तर लोनीच होता. वाळवंटातल्या रस्त्यावरून मोटारसायकल हाकत एकटाच चालला होता. बोलणारा होता वर्न, त्याच्याच टोळीतला. सिनेमात खरे मोटारसायकलवाले हवेत म्हणून निर्मात्याने सॅन बर्नार्डिनोची अख्खी टोळी रोजावर आणली होती. शूटिंग संपलं आणि आठवड्याच्या आत लोनी ट्रकखाली गेला. आज दुपारी वर्न एवढ्या लांब हॉलिवूडच्या या स्टुडिओत आला होता, तो त्याला एकदा डोळे भरून बघायला आणि ऐकायला.

"त्याचीच आहे की रे बाबा!" निर्माता झायमन वैतागला. "डोळे फुटले का तुझे?"

"डोळ्यांचं कोण बोलतंय? आवाज त्याचा नाही."

बरोबरच होतं त्याचं. चित्रीकरण मुकं झालं होतं आणि इंजिनाचा आवाज कुठल्याशा जुन्या टेपवरून चिकटवला होता. असल्या सिनेमांत हे असंच चालतं, प्रेक्षकाच्या बापालाही कळत नाही. पण ही टोळीतली माणसं पाठमोरी बसून, नुसत्या आवाजावरून सांगतात कोण आलं ते.

"कशी वाजायची त्याची?" डेल्मरने विचारलं.

"लंगडी. तीन ठोके नीट मारायची, चौथा गिळायची. शंभरदा सांगितलं, दुरुस्त कर लेका. ऐकेल तर शपथ!"

या अर्ध्या मिनिटाच्या चालीसाठी डेल्मरने आठ दिवस रक्त आटवलं होतं. सात सिनेमांत त्याच्याकडून नुसता धुडगूस वाजवून घेतला होता. ही पहिलीच चाल अशी, की जी त्याला स्वतःला आवडली होती. त्याने ती मनातल्या मनात एकदा गुणगुणली. वाईट वाटलं. मग गिटारचा आवाज घोगरा करणारी पेटी त्याने पायाने दाबली, जाडी तार तळव्याने अर्धी दाबून धरली आणि ऑपरेटरला म्हणाला, "इंजिनाचा आवाज बंद कर. चित्र पहिल्यापासून लाव."

गिटारवर तीन ठोके, आणि चौथा अर्धवट.

"घाई करतोयस," वर्न म्हणाला.

पुन्हा चित्र मागे गेलं. पुन्हा चुकलं.

"आता फारच शहाण्यासारखी चालतेय. जरा खोकू दे तिला."

तिसऱ्या वेळी वर्न खुर्चीच्या कडेवर पुढे सरकून बसला. एवढा आडदांड गडी, पण दाढीतून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

"आणि ती चाल कुठे गेली?" झायमन हळूच डेल्मरच्या कानाशी लागला. "चांगली होती रे."

डेल्मरने वाजवता वाजवताच 'राहू दे' म्हणून मान हलवली.

रीळ संपलं. पडदा पांढरा झाला. डेल्मरने हात उचलला.

"थांबू नकोस," वर्न म्हणाला. पांढऱ्या पडद्यावरची नजर त्याने काढली नव्हती. "अजून सॅन बर्नार्डिनोचा घाट उतरायचाय त्याला. घरी पोचू दे."