साठच्या आत

“गाडी पन्नास वर्षांची, तू सत्तरीचा. आता कुठे शर्यतीत उतरायचंय, सुतारबुवा?” पिकअपच्या खालून गॅरेजवाल्याचा आवाज आला.

“शर्यत नको, शांतता पाहिजे. साठच्या वेगाला इंजिन असं बोंबलतं, की शेजारच्या माणसाशी बोलता येत नाही.”

“शेजारी वहिनीच ना? मग मी तर इंजिनला हार घातला असता.”

सुतार हसला. पिकअपची मागची बाजू लाकडी ठोकळ्यांवर उचललेली होती. जुना एक्सल निघून भिंतीशी पडला होता. त्याच्या जागी भंगारात सापडलेला, नंतरच्या काळातला एक्सल चढत होता. जुन्यात चाकाचा एक फेरा व्हायचा तर इंजिनला फार फिरावं लागे; नव्यात तेच काम कमी फिरण्यात होणार होतं. एक्सल दोन बोटं रुंद निघाला, म्हणून स्प्रिंगच्या पाट्यांच्या बैठका कापून पुन्हा वेल्डिंग करावं लागलं. माप सुतारानंच घेतलं. दुसऱ्याच्या टेपवर त्याचा विश्वास नव्हता.

बायकोला त्यानं यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला आपोआप कळू दे, मग ती काय म्हणते ते बघू, असं त्याच्या मनात होतं.

गेल्या वर्षी फळ्या भरून येताना त्यानं वळणावर गाडी खड्ड्यात घातली होती. लागलं काही नाही, पण मुलगा धावत आला आणि किल्ली खिशात टाकून बसला. “बाबा, पुरे झालं आता,” एवढंच म्हणत राहिला. धंदा आधीच बंद पडलेला. किल्ली गेल्यावर सुतार दिवसभर ओट्यावर बसायचा आणि जेवायला तीनदा हाक मारावी लागायची.

शेवटी बायकोच मध्ये पडली. “मी शेजारी बसेन. काटा साठच्या वर गेला की तुला सांगेन. मग खुशाल गाडी विक.”

मुलाचा आईवर विश्वास होता. किल्ली परत आली.

आणि बाईनं शब्द पाळला. मीटर डॅशबोर्डच्या मधोमध, चांगलं ताटलीएवढं. ती गाडीत बसली की आधी रेडिओ बंद करायची. “माझं लक्ष लागत नाही,” म्हणायची. मग तोंड मीटरकडे. “पन्नास.” “पंचावन्न.” “साठ झाले हं, पाय काढा.” एकदाही चुकली नाही. सुतार तिला हवालदार म्हणायचा. घरी सुईत दोरा ओवायचा, पेपर मोठ्यानं वाचायचा, तो ह्या हवालदाराचा हप्ता. “तुमच्या तोंडून बातमी बरी वाटते,” असं ती म्हणाली, की तो आणखी एक पान वाचायचा.

गॅरेजवाला गाडीखालून सरपटत बाहेर आला आणि हात पुसू लागला.

“एक भानगड आहे. मीटरची केबल येते गिअरबॉक्समधून. त्याला काय माहीत, मागे एक्सल बदललाय? काटा आता कमी दाखवणार. सत्तरनं गेलास तरी पंचावन्न म्हणेल. गिअरबॉक्समधलं एक छोटं दातेरी चाक बदललं की बरोबर होईल.” मग त्यानं एक डोळा बारीक केला. “की राहू देऊ तसंच?”

सुतारानं मनात हिशोब केला. सत्तरनं जायचं आणि साठच्या आत राहायचं. मुलगा खूश, हवालदार खूश. खोटं बोलायचंही नाही, काटाच बोलणार.

त्याची नजर पुढच्या सीटवर गेली. तिथे तिची उशी होती, एका बाजूनं चेपलेली. मीटरच्या बाजूनं.

“बदल ते चाक,” तो म्हणाला. “ती डोळ्यांत तेल घालून बघते. तिलाच फसवलं तर घास गिळवणार नाही मला.”

चाक बदललं. गॅरेजवाल्यानं स्वतः मोटारसायकल शेजारून चालवून ताळा घेतला. काटा चोख होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको बाहेर आली. पिकअपच्या कडेवरून हात फिरवत ती दारापर्यंत गेली आणि चढून बसली.

“काय झालं होतं गाडीला?”

“तेल गळत होतं थोडं.”

“तुमचंही गळतंय, ते कधी बघायचं?” तिनं रेडिओ बंद केला.

गाव मागे पडलं. रस्ता सरळ आणि मोकळा होता. गाडी लोण्यातून जावी तशी जात होती. ना खरखर, ना ती जुनी बोंब. सुताराला लहान मुलासारखं हसू येत होतं. आता म्हणेल, मग म्हणेल, म्हणून तो वाट बघत राहिला.

काटा साठवर आला. नेहमीचे शब्द आले नाहीत.

त्याला नवल वाटलं. शांततेत भान हरपलं असेल? त्यानं पाय आणखी जरा दाबला. पासष्ट. बायको काही बोलली नाही. सत्तर. काटा सत्तरवर स्थिर उभा राहिला, काचेवर ऊन पडून लख्ख दिसत होता. ती नेहमीसारखी मान वळवून काट्याकडेच बघत होती. आज हवालदारानं सूट दिली म्हणायची, असं मनात येऊन सुतार सुखावला.

“किती झाले गं?” त्यानं मुद्दाम विचारलं.

“पंचावन्न,” काट्यावरून नजर न हलवता ती म्हणाली. “चालवा निवांत. मी बघतेय ना.”