हार घातलेला फोटो

"या गावात माझा शब्द वाचल्याशिवाय कुणाच्या घशाखाली चहा उतरत नाही," असं सांगत वामनराव खटावकरांनी छापखाना विकला आणि आपलं साप्ताहिक मोबाईलवर आणलं. आता तेवढीच उमेद होती. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी लिंक टाकली, 'दाबा आणि वर्गणीदार व्हा' असं लिहिलं, आणि वर सत्कारातला स्वतःचा फोटो लावला. झेंडूचा हार घातलेला.

पहिलं उत्तर लगेच आलं. भावपूर्ण श्रद्धांजली. मग जोडलेल्या हातांची रांगच लागली.

"अहो, लिंक दाबली का कुणी?" बायकोने विचारलं.

"कुणीच नाही. सगळे मला पोचवायला निघालेत."

"अन् खाली एवढं लिहिलंय ते?"

"वाचत असते तर छापखाना कशाला विकला असता गं!"

तेवढ्यात त्यांचे सगळ्यात जुने वर्गणीदार, फरसाणवाले सोपानकाका, बांबू घेऊन दारात आले. वामनरावांना बघून जरा हिरमुसलेच.

"तुम्ही आहात होय! बरं झालं. पण मोबाईलवर नका जाऊ. त्यात फरसाण कसं बांधणार मी?"

"आणि वाचायचं काय?"

"ते कधी जमलं नाही बघा."

वामनरावांनी मोबाईल उचलला. निदान आपण जिवंत आहोत एवढं तरी कळवावं म्हणून त्यांनी मेसेज लिहिला. तो जाईना.

ॲडमिनने त्यांना दिवंगत म्हणून ग्रुपमधून काढलं होतं.